मारेकबरोबर रफीक फुकट

आमच्या कंपनीच्या ताळेबंदात ‘इतर खर्च’ या सदराखाली आइस हॉकीचा एक अख्खा संघ आहे. दरवर्षी ऑडिटर तिथं बोट ठेवून विचारतो, “हे काय?” मी सांगतो, “मालकांची हौस.” तो मान डोलावतो आणि पान उलटतो. मालकांच्या हौशीला पावती लागत नाही, मला लागते. म्हणून मोडलेल्या काठ्या, फाटलेले हातमोजे, प्रेक्षकांनी खिशात घालून नेलेल्या रबरी चकत्या या सगळ्यांच्या पावत्या मी इमानेइतबारे जमवतो. एकदा गोलरक्षकाचे पुढचे दोन दात गेले. ते बिल ‘यंत्रसामग्रीची दुरुस्ती’ या खात्यावर टाकावं असं मला वरून सुचवण्यात आलं. मी ऐकलं नाही. दात वैद्यकीय खर्चातच गेले.

मी मूळचा सांगलीचा. बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकतात तो, एवढीच माझी त्या विषयातली गती. कुवेतला हिशेबनीस म्हणून आलो आणि काही वर्षांनी मालकांनी हा संघ काढला. सामन्यात कोणीतरी आकडे टिपायला हवेत असा प्रश्न निघाला, तेव्हा मालकांचा पुतण्या सालेम म्हणाला, “आकडेच लिहायचेत ना? मग मुहासिबला बसवा.” मुहासिब म्हणजे हिशेबनीस. तेव्हापासून भर मे महिन्यात मी स्वेटर हातात धरून घराबाहेर पडतो. आमच्या सालमियातल्या इमारतीचा वॉचमन अजूनही माझ्याकडे काळजीनं बघतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बर्फाच्या मैदानावर एका बाजूचे पाच जण पात्यांचे बूट, म्हणजे स्केट, घालून काठीनं रबरी चकती ढकलत धावतात आणि सहावा गोल सांभाळतो. पाचांतले दोन बचावपटू. गोल करणं हे त्यांचं काम नाही, होऊ न देणं हे काम. त्यामुळे त्यांनी चांगलं काम केलं की काहीच घडत नाही आणि वाईट केलं की सगळ्यांना दिसतं. हिशेबनीसाचंही असंच असतं, म्हणून मला त्या जागेबद्दल आपुलकी आहे. आता त्यांचं मोजमाप कसं करायचं? खेळाडू बर्फावर असताना आपला गोल झाला तर त्याच्या नावावर अधिक एक, आपल्यावर झाला तर उणे एक. चूक कोणाची, हे बघायचं नाही. बर्फावर होतास ना, मग तुझ्या नावावर. मला ही पद्धत पहिल्या दिवशीच अन्यायाची वाटली. पण खातं मी उघडलेलं नव्हतं, मी फक्त नोंदी करणार होतो.

आमच्या हौशी मालकांच्या या स्पर्धेत चार संघ. प्रत्येकाला दोन पगारी परदेशी खेळाडू ठेवता येतात. आमच्या दोघांपैकी एक होता मारेक. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातून आलेला, दारातून वाकून आत यावं लागेल असा उंच, शांत बचावपटू. त्याच्या करारातली रक्कम टाइप करताना माझी बोटं अडखळली होती. पहिल्या मोसमात तो बरा खेळला. दुसऱ्या मोसमात त्याला माचबूसचा शोध लागला. माचबूस म्हणजे इथला मसाल्याचा भात, वर कोंबडी नाहीतर मटण. मारेक ते असं खाई, की वाढणाऱ्याला धन्य वाटावं. डिसेंबर उजाडेपर्यंत तो वळायला ट्रकइतका वेळ घेऊ लागला. अर्धा मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर उणे अकरा होते.

आणि मग सुरू झाली अदलाबदलीची चर्चा.

माझ्या नोकरीत मी दोन युद्धांच्या अफवा ऐकल्या, तेलाच्या भावाच्या ऐकल्या, परदेशी माणसांच्या पगारावर कर लागणार ही तर दर सहा महिन्यांनी ऐकतो. पण मारेक कोणाला देणार आणि बदल्यात काय घेणार, या विषयावर जेवढं बोललं गेलं तेवढं कशावरच नाही. मुख्य बाजार भरे मालकांच्या दिवानियात. दिवानिया म्हणजे घराला लागून असलेला पुरुषांच्या बैठकीचा मोठा दिवाणखाना. संध्याकाळच्या नमाजानंतर तिथं लोक जमतात आणि निवडणुकीपासून लग्नापर्यंत सगळं तिथंच ठरतं. तिथला एक म्हणे, मारेकचा गुडघा गेलाय. दुसरा म्हणे, गुडघा ठीक आहे, पण दुबईच्या संघाशी त्याचं आतून ठरलंय, म्हणून मुद्दाम वाईट खेळतो. तिसऱ्याच्या मते बायको सोडून गेली. मारेकचं लग्नच झालं नव्हतं. हे मी सांगितलं, तर तो गृहस्थ म्हणाला, “तेच तर! त्याचंच दुःख आहे.”

आपली मराठी मंडळीही मागे नव्हती. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर असलेले आमचे स्नेही प्रधान यांनी आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही. शुक्रवारी पोहे खाता खाता त्यांनी मला बाजूला घेतलं.

“कुणाला बोलू नका. आतली बातमी आहे. तुमच्या मारेकचं काही खरं नाही.”

“कोणाकडून कळलं?”

“ते नाही सांगता येणार. माणूस अगदी आतला आहे.”

मला राहवेना. एखादी नोंद मागे मागे शोधत जावी तशी मी ही बातमी शोधत गेलो. प्रधानांना ती त्यांच्या बायकोनं सांगितली होती. तिला माझ्या बायकोनं. आणि माझ्या बायकोला, गेल्या सोमवारी भेंडीची भाजी वाढून घेताना, मी. अगदी आतला माणूस तो मीच.

मुलीला विचारलं, ती अकरावीत आहे आणि फोनवर हे सगळे खेळ बघते. तिनं मान वर न करता निकाल दिला, “बाबा, ही इज वॉश्ड.” म्हणजे, संपला तो. एवढ्या सगळ्या तज्ज्ञांत हिचं मत सर्वांत थोडक्यात होतं.

एक गोष्ट मात्र एकाही तज्ज्ञानं बोलून दाखवली नाही. बचावपटू जोडीनं खेळतात आणि मारेकचा जोडीदार होता सालेम, मालकांचा पुतण्या आणि संघाचा व्यवस्थापक. चकती दिसली की सालेम पुढे धावत सुटायचा, फोटोग्राफर त्या बाजूला असायचा म्हणून, आणि मागे दोघांचं काम मारेकवर पडायचं. सालेमचे आकडे होते उणे दहा. म्हणजे दोघांत फरक एकाचा. पण पुतण्यांची अदलाबदल होत नसते. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून दर आठवड्याला पाठवत होतो. वाचणाऱ्यांची नजर पहिल्याच ओळीवर थांबायची.

जानेवारीत अखेर प्रस्ताव आला. ज्यांच्या मालकीची मोठी रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, आहे असा एक संघ मारेकला घ्यायला तयार होता. बदल्यात ते त्यांचा चपळ आघाडीचा खेळाडू देणार होते. उणे अकराच्या माणसासाठी हा खेळाडू? दिवानियात आनंदीआनंद. सालेम स्वतःच्या वाटाघाटीच्या कौशल्यावर तासभर बोलला. शेवटी त्यानं सहज जोडलं, “आणि हो, मारेकबरोबर तो धार लावणारा पण द्यायचाय. मारेक म्हणतो दुसऱ्या कोणाची धार त्याला चालत नाही. फुकट जाईल तो.”

तो धार लावणारा म्हणजे रफीक. दापोलीजवळच्या एका बंदरावरचा. चिपळूणला वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर हात बसलेला, इथं आमच्या संघाचं सामान सांभाळणारा. स्केटच्या पात्याला खालून एक बारीक खोलवट असते आणि तिच्या दोन्ही कडांवर खेळाडू उभा असतो. भारी माणसाला खोलवट उथळ लागते, नाहीतर तो बर्फात रुततो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रफीक जलीबला एका खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहायचा आणि सकाळच्या पहिल्या बसनं यायचा.

मला राग आला. बटाट्यांवर कोथिंबीर टाकावी तसा माणूस टाकला होता सौद्यात. मी त्याच्या खोलीत गेलो. तो मशीनवर वाकला होता.

“रफीक, ऐकलंस का? मारेकबरोबर तुलाही देतायत.”

“ऐकला. मना कोणी इचारला नाय, पन ऐकला.”

“तू घाबरू नकोस. मी बोलतो सालेमशी.”

त्यानं मशीन बंद केलं. “भाऊ, तुमाना हात जोडतो, बोलू नका. होऊ दे तसाच.”

“म्हणजे?”

मग त्यानं दार लोटलं आणि सांगितलं. त्या संघाचा मॅनेजर महिन्यापूर्वीच त्याला भेटला होता. त्यांच्या रिंकवर भाड्याचे शेकडो स्केट, धार लावणारा धड नाही, पोरं घसरून पडतात आणि पालक भांडायला येतात. त्यांना रफीक हवा होता. पण एकाचा माणूस दुसऱ्यानं सरळ मागणं इथं बरं दिसत नाही. म्हणून त्यांनी मारेकला मागणी घातली आणि बरोबर रफीक येईल अशी व्यवस्था केली. चपळ खेळाडूचा करार तसाही संपत आला होता. सगळं शहर ज्या मालाच्या किमतीवर वाद घालत होतं, तो माल नव्हताच, नुसतं खोकं होतं.

“तितं मना टेक्निशन म्हनून घेनार,” रफीक म्हणाला. “पगार येवढा, की शहनाजला आनि पोरीला आनता येईल.”

कुटुंब आणायचं तर सरकारदरबारी ठरावीक पगार दिसावा लागतो. रफीकचा दिसत नव्हता. लग्नापासूनचा त्याचा संसार सुट्टी-सुट्टीनं चाललेला. मागच्या खेपेला घरी गेला तेव्हा सहा वर्षांच्या मुलीनं त्याला पाणी आणून दिलं, ते पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ग्लासात. हे सांगताना तो हसला आणि मशीनकडे वळला.

आता कुवेतमध्ये मारेकच्या अदलाबदलीची मनापासून वाट बघणारे दोघं झाले. रफीक आणि मी.

आणि नेमका तेव्हाच मारेक चांगला खेळायला लागला.

पहिला गोल त्यानं केला असं म्हणणं धाडसाचं आहे. कोणीतरी मारलेली चकती त्याच्या पार्श्वभागावर आपटून आत गेली. पण पुढचे तीन सामनेही आम्ही जिंकलो आणि मारेकच्या नावावर एकदम अधिक पाच चढले. दिवानियात घोषणा झाली, मारेक जागा झाला! गुडघेवाले म्हणाले, इंजेक्शन लागू पडलं. दुबईवाले म्हणाले, तिकडचं फिसकटलं. मी हजेरी तपासली. त्या तीन सामन्यांत सालेम लंडनला खरेदीसाठी गेलेला होता.

सालेम परत आला आणि त्यानं सौदा मोडला. रफीकनं धीर करून त्याच्याकडे तनाझुल मागितलं. तनाझुल म्हणजे नोकरी बदलायला मालकानं दिलेली सोडचिठ्ठी. तिच्याशिवाय रफीकचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, हलत नव्हता. सालेम म्हणाला, “मारेक थांबला, म्हणजे तूही थांबलास. पॅकेज आहे ते.”

त्या संघाचा मॅनेजर महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. मग दुसरा माणूस बघणार.

प्रधानांना मी न सांगताही कळलंच. त्यांनी तोडगा सुचवला, “सोप्पं आहे हो. त्याला म्हणावं, मारेकची धार जरा बिघडव. चार वेळा आपटला की देतील सोडून.”

ही सूचना मी रफीकला हसत हसत सांगितली. तो हसला नाही. “येवढा मोठा मानूस पडला तर मान मोडंल त्याची. तुमच्या दोस्ताला सांगा, तेलात पानी घाल म्हनावं एक दिवस.” मारेकचे स्केट त्यानं त्या दिवशी दोनदा तपासले.

महिना संपायला चार दिवस असताना मालकांनी मला दिवानियात बोलावलं. आमचे मालक बू फहद, म्हणजे फहदचे वडील. इथं मोठ्या माणसाला मुलाच्या नावानं ओळखतात. त्यांच्या वडिलांचा मुंबईत मोत्यांचा व्यापार होता, त्यामुळे ते माझ्याशी हिंदीत बोलतात. एरवी मी त्या बैठकीच्या दारात उभा राहून सह्या घेऊन परत फिरायचो. त्या दिवशी पाहुण्यांपुढे मारेकची वाढती किंमत आकड्यांत ऐकवायची होती. म्हणून मला थेट त्यांच्या शेजारी बसवलं.

वाढणारा आला. डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची चोचदार किटली, उजव्या हातात बिनकानाचे छोटे पेले. वेलदोड्याची कडू पिवळसर कॉफी त्यानं पहिल्यांदा मला दिली. आता आमच्या घरची शिस्त अशी, की वडीलधाऱ्यांनी तोंडाला कप लावल्याशिवाय आपण लावायचा नाही. आईनं यासाठी पाठीत धपाटे घातलेत. बू फहद काही पीत नव्हते. मी पेला समोरच्या बुटक्या टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन थांबलो.

बू फहदांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बोलणं थांबलं. मला वाटलं, मोज्याला भोक पडलंय. मी पाय आत ओढले.

“मुहासिब,” बू फहद सावकाश म्हणाले, “पियो. जो माँगने आए हो, हो गया समझो.”

मला काही उमगेना. सालेम माझ्या कानाशी वाकून इंग्रजीत कुजबुजला, “पेला खाली ठेवलास ना? म्हणजे तुझं काहीतरी मागणं आहे आणि ते मिळेपर्यंत तू पिणार नाहीस. जुनी रीत आहे. आता काकांना द्यावंच लागेल, नाहीतर सगळ्यांसमोर त्यांचं नाक कापलं जाईल. माग, पण जरा बेतानं. पगारवाढीचं आम्हाला माहीत आहे.”

पगारवाढ माझी खरोखरच तुंबली होती. माझ्या बायकोला तिचा आकडा पाठ होता. मी तो उच्चारायला तोंड उघडलं, खोटं कशाला बोलू? पण पुढे जे आलं ते वेगळंच.

“रफीक को छोड़ दीजिए. तनाझुल.”

“रफीक कौन?”

सात वर्षं ज्याच्या नावाचा पगार यांच्या खात्यातून जातो, तो.

“जो जूतों की धार करता है.”

“बस? इतना?” ते एवढ्या जोरात हसले, की वाढणाराही हसला. “और मारेक?”

“मारेक को रखिए. अच्छा खेल रहा है.”

सालेम उसळला. “काका, तो पॅकेजमध्ये...”

बू फहदांनी टेबलावरच्या पेल्याकडे बोट केलं. सालेम बसला. मी पेला उचलला आणि एका घोटात संपवला. कॉफी थंडगार झाली होती.

घरी आल्यावर बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे ते काहीही द्यायला बांधलेले होते?”

“हो.”

“आणि तुम्ही धार लावणारा मागितलात.”

“हो.”

“मोलकरणीनं एवढं ऐकलं असतं तर तिनं दोन्ही मागितलं असतं,” ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. तिचं म्हणणं बरोबर होतं. एका पेल्यात किती मागण्या बसतात, हे मी विचारलंच नव्हतं.

रफीक गेला. पुढच्याच आठवड्यात त्या संघानं मारेकमधला रस काढून घेतला. दिवानियात पुन्हा बाजार भरला. कालपर्यंत चपळ खेळाडू द्यायला तयार असलेल्यांना आज मारेक फुकटही का नको? कोणी म्हणालं, गुडघ्याचा अहवाल फुटला. कोणी म्हणालं, दुबईनं दबाव आणला. सालेमनं तर त्यांनी घाबरून माघार घेतली असं जाहीर केलं. मला कोणी विचारलं नाही. आकडे मी नेहमीप्रमाणे पाठवत राहिलो. सालेम पुन्हा मारेकच्या जोडीला आला होता आणि उण्यांची रीतसर वाढ चालू होती.

शहनाज आणि मुलगी आल्यावर रफीकनं खैतानला दोन खोल्या घेतल्या. एका शुक्रवारी त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. आत गेलो तर जमिनीवर पसरलेल्या चादरीवर, भिंतीला टेकून, अर्धी खोली व्यापून मारेक बसलेला. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचे स्केट. नव्या माणसाची धार त्याला जमेना, म्हणून दर शुक्रवारी तो टॅक्सी करून इकडे येत होता. रफीकनं एक जुनं मशीन घरी आणून ठेवलं होतं. मुलगी मारेकच्या बुटांच्या फितीची वेणी घालत होती. शहनाज माशाचं कालवण आणि भात वाढत होती आणि मारेक जेवत होता. कसा, ते वर सांगितलंच आहे.

माझा स्वभाव गप्प बसू देईना. मी रफीकला बाजूला घेतलं. “अरे, तू आता दुसऱ्या संघाचा माणूस. समोरच्या संघाच्या खेळाडूला घरी धार लावून देतोस, तुझ्या मॅनेजरला माहीत आहे का? उद्या कोणी बोट दाखवायला नको.”

“इचारला ना, पयल्या दिवशीच इचारला.”

“मग?”

“ते बोलले, दे बिनधास्त लावून. त्याचा खेळ आमी बगलाय, आमाला काय भीती नाय वाटत.”

माझी बायको आणि शहनाज दोघीही मोठ्यानं हसल्या. मारेकनं घास थांबवला आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, काय म्हणाला तो? मी एक शब्दही इकडचा तिकडे न करता भाषांतर करून सांगितलं.

मारेकनं त्यावर प्रामाणिकपणे विचार केला.

“ही इज राइट,” तो म्हणाला आणि रिकामी थाळी शहनाजपुढे धरली. “प्लीज, मोर राइस.”